'मॅक' म्हणजे मुलगा

ॲपलच्या संगणकाला आपण 'मॅक' म्हणतो. हे 'मॅकिंटॉश'चं सुटसुटीत रूप. मॅकिंटॉश ही सफरचंदाची एक जात. कंपनीने स्पेलिंग जरा बदलून ते नाव उचललं. सफरचंदाला ते मिळालं जॉन मॅकिंटॉश या शेतकऱ्यामुळे, ज्याच्या कॅनडातल्या जमिनीवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही झाडं सापडली. घराणं मूळचं स्कॉटलंडचं, आणि तिथल्या गेलिक भाषेत हे आडनाव होतं 'मॅक अन टोशिख'. टोशिख म्हणजे म्होरक्या, नायक. मॅक म्हणजे मुलगा. नायकाचा मुलगा. एवढी लांबलचक ओळख कापत कापत आपल्या टेबलावर उरला तो नुसता 'मुलगा'. कोणाचा, ते गळून गेलं.

या एका शब्दाचा माग काढत गेलं की केल्टिक भाषांची घडण बरीचशी उलगडते. ते जरा विस्ताराने सांगतो.

केल्टिक म्हणून आज सहा भाषा ओळखल्या जातात. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि आयरिश समुद्रातल्या मॅन बेटाची मँक्स, ही एक फळी. वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या वायव्य टोकाची ब्रेतॉन, ही दुसरी. (फुटबॉल क्लबचं नाव 'सेल्टिक' असलं तरी भाषांच्या बाबतीत उच्चार 'केल्टिक'च.) पहिल्या फळीत मुलाला 'मॅक' म्हणतात, दुसऱ्या फळीत 'माब'. जुन्या वेल्शमध्ये तो 'मॅप' होता. मॅक आणि मॅप. फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा, आणि याच फरकावरून भाषाशास्त्रज्ञांनी या कुटुंबाची वाटणी केली आहे: एक 'क'वाले, एक 'प'वाले.

या दोन्ही शब्दांच्या मागे एकच जुना शब्द आहे, साधारण 'मक्वोस' असा. त्यातला 'क्व' हा एकसंध ध्वनी होता, 'क' म्हणताना ओठांचा चंबू करावा तसा. आयरिशने कालांतराने ओठ सैल सोडले आणि जिभेचं काम ठेवलं, 'क' उरला. वेल्शच्या पूर्वजाने उलट केलं, ओठांचंच काम पुढे नेलं आणि ते घट्ट मिटले, 'प' झाला. मग हाच बदल शब्दामागून शब्दात. डोकं: आयरिश 'क्यान', वेल्श 'पेन'. चार: जुन्या आयरिशमध्ये 'केथिर', वेल्शमध्ये 'पेद्वार'. आपल्या 'चार'च्या मागे संस्कृत 'चत्वारः' आहे आणि त्यातला 'च'ही त्याच जुन्या 'क्व'पासून आलेला. म्हणजे केथिर, पेद्वार आणि चार हे तिघे सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की.

'क्व' खरोखर होता हे कशावरून? दगडावरून.

आयर्लंडच्या दक्षिण भागात, विशेषतः केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड परगण्यांत, आणि समुद्रापलीकडे वेल्समध्येही, चौथ्या ते सातव्या शतकातले काही उभे दगड सापडतात. त्यांच्या कडेवर रेघा कोरलेल्या असतात. ही 'ओघम' लिपी. दगडाची धार हीच शिरोरेषा समजायची. फक्त ती उभी, आणि वाचन खालून वर. धारेच्या उजवीकडे रेघा असल्या तर एक गट, डावीकडे असल्या तर दुसरा, धार ओलांडून तिरप्या गेल्या तर तिसरा. आणि धारेवरच छोट्या खाचा असल्या तर ते स्वर. प्रत्येक गटात एक ते पाच रेघांची पाच अक्षरं. या दगडांवर एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. एक तिरपी रेघ, म्हणजे 'म'. एक खाच, 'अ'. डावीकडे पाच रेघा, 'क्व'. पाच खाचा, 'इ'. मक्वी. छिन्नीचे बारा घाव घातले की झाला 'मुलाचा'. हो, 'मुलाचा', कारण हा शब्द षष्ठीत आहे. दगडावर लिहिलेलं असतं 'अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा', आणि दगड किंवा स्मारक हा शब्द समजून घ्यायचा.

डावीकडच्या त्याच गटात चार रेघांचा साधा 'क' आहे आणि पाच रेघांचा 'क्व' त्याच्या शेजारी वेगळा. ज्यांनी लिपी बनवली त्यांच्या कानाला हे दोन ध्वनी वेगळे ऐकू येत होते, नाहीतर दोन चिन्हांचा खटाटोप कोण करेल? पुढे आयरिशमध्ये हे दोन्ही एकत्र झाले आणि 'मक्वी'चा 'क्व' साध्या 'क'मध्ये विरून गेला.

वेल्सच्या पश्चिमेला सेंट डॉगमेल्स गावच्या चर्चमध्ये असाच एक दगड आहे. त्यावर ओघममध्ये कोरलंय 'सग्राग्नी मक्वी कुनातामी', आणि लॅटिनमध्ये, रोमन लिपीत, 'सग्रानी फिली कुनोतामी'. लॅटिन 'फिली' म्हणजे मुलाचा, तेव्हा 'मक्वी' म्हणजे काय ते दगडच सांगतो. एकोणिसाव्या शतकात ओघम वाचण्याची खटपट चालली होती तेव्हा या दुभाषी दगडाचा फार उपयोग झाला.

त्याच भागातल्या कास्टेल ड्वीरनचा दगड माझ्या मते याहून मजेदार आहे. एकाच माणसाचं नाव दोन लिप्यांत. लॅटिनमध्ये 'वोतेपोरिगिस', ओघममध्ये 'वोतेकोरिगस'. त्या काळात आयर्लंडमधून येऊन वेल्समध्ये वसलेली बरीच घराणी होती. स्थानिकांच्या तोंडी ज्याचा 'प' झालेला, त्याचा या आलेल्यांच्या लिपीत 'क'. ध्वनिबदलाचा इतका स्वच्छ पुरावा एकाच दगडावर क्वचितच मिळतो. नावाच्या शेवटचा 'रिग' म्हणजे राजा. संस्कृत 'राजन्' आणि लॅटिन 'रेक्स' ही त्याचीच भावंडं.

आता 'प'ची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी, कारण तिथे एक गंमत आहे. केल्टिक भाषा या संस्कृत, ग्रीक, लॅटिनच्याच मोठ्या कुळातल्या. पण वेगळ्या होताना त्यांनी त्या कुळाचा मूळ 'प' टाकून दिला. संस्कृत 'पितृ', लॅटिन 'पातेर', आणि जुन्या आयरिशमध्ये? 'अथिर'. पहिलं अक्षर गुल. 'मातृ'ला काही झालं नाही, ती 'माथिर', 'भ्रातृ'चा 'ब्राथिर'. बापाचाच 'प' तेवढा गेला. म्हणजे काही काळ सगळ्याच केल्टिक बोलींत 'प' असा नव्हताच, किंवा असलाच तर नावापुरता. मग वेल्शच्या बाजूने 'क्व'पासून नवा 'प' तयार केला, आयरिशची बाजू त्याच्याशिवायच राहिली. वेल्शमध्ये पाचाला 'पिम्प' म्हणतात. आपला 'पाच' आणि हा 'पिम्प' शेजारी ठेवले की वाटतं, वा, 'प'ला 'प' जुळला! पण नाही. 'पञ्च'च्या पूर्वजातला पहिला 'प' केल्टिकमध्ये आधी 'क्व' झाला (लॅटिनमध्येही, तिथे 'क्विंक्वे') आणि वेल्शमध्ये तो पुन्हा 'प'वर आला. फिरून तिथेच, पण वळसा घालून.

'प' नसलेल्या भाषेत 'प'वाले परके शब्द आले की काय होतं? पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्माबरोबर आयर्लंडमध्ये लॅटिन शब्दांची आवक सुरू झाली. ऐकणाऱ्यांनी 'प'च्या जागी आपल्याकडचा जवळचा ध्वनी बसवला. ईस्टरचा 'पास्खा' झाला 'काश्क', जो आजही आयरिशमध्ये चालू आहे. जांभळ्या रंगाचा 'पुर्पुरा' झाला 'कोर्कुर'. आयर्लंडच्या ज्या संताच्या नावाने जगभर हिरवे कपडे घालून मिरवणुका निघतात तो पॅट्रिक, पात्रिकिउस, एका जुन्या रूपात चक्क 'कोथ्रिगे' आहे. आणि लॅटिन 'प्लांटा', म्हणजे रोप, धुमारा, याचं झालं 'क्लांद', पुढे 'क्लान'. इंग्रजीतला 'क्लॅन' हाच. आयरिशमध्ये 'क्लान' म्हणजे मुलंबाळं. वेल्शमध्ये तोच लॅटिन शब्द 'प' शाबूत ठेवून आला, 'प्लांट', आणि तिथेही अर्थ मुलंबाळंच. वंशवेल ही कल्पना आपल्याला नवी नाही, तेव्हा रोपाची मुलं कशी झाली हे समजावून सांगायला नको. स्कॉटिश कुळांचा एवढा अभिमानाचा शब्द मुळात रोमन माळ्याचा आहे, एवढंच लक्षात ठेवावं.

संस्कृतशी हे नातं पहिल्यांदा जाहीरपणे बोलून दाखवणाऱ्यांत सर विल्यम जोन्स यांचं नाव घेतलं जातं. १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमाच्या असाव्यात असं मांडलं, आणि केल्टिकचीही त्या यादीत शक्यता वर्तवली. जोन्स लंडनचे, पण वडील वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे. हे वडील, तेही विल्यम जोन्सच, गणिती होते. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला 'पाय' हे ग्रीक चिन्ह त्यांनी १७०६ मध्ये वापरलं. केल्टिकबद्दल मात्र पुढची पन्नासेक वर्षं पंडितांची चलबिचल चालली. 'प'चा पत्ता नाही आणि शब्दांची पहिली अक्षरं वाटेल तशी बदलतात, अशी भाषा आपल्या कुळातली कशी म्हणायची? १८३१ मध्ये जेम्स काउल्स प्रिचर्ड या डॉक्टराने ग्रंथ लिहून केल्टिकचं संस्कृतशी नातं शब्दाशब्दाने दाखवलं. त्याच्या आडनावातही आपला 'मुलगा' दडलेला आहे. तो कसा, ते पुढे येतंच.

पहिली अक्षरं बदलतात म्हणजे काय? मराठीत शब्दाचं शेपूट हलतं: मुलगा, मुलाचा, मुलाला. वेल्शमध्ये तोंडही हलतं. 'माब' म्हणजे मुलगा, पण 'तुझा मुलगा' म्हणताना तो 'वाब' होतो. आधी कोणता शब्द आला यावर ते अवलंबून. दोन नावांच्या मधे आला की 'माब'चा 'वाब', आणि पटपट बोलताना 'व'ही गळून 'आब' किंवा 'आप'. रिस आप हवेल, म्हणजे हवेलचा मुलगा रिस. जुन्या मराठी कागदपत्रांत 'राणोजी बिन संताजी' असं लिहीत, तसंच हे. 'बिन' अरबीतून आला, 'आप' घरचा, काम एकच. फरक असा की आपल्याकडे 'बिन' एका पिढीवर थांबायचा आणि वेल्श माणूस मात्र पंजोबांपर्यंत 'आप'ची माळ लावायचा. जमिनीचा हक्क वंशावळीवर ठरत असे, तेव्हा ती माळ हौसेची नव्हती.

सोळाव्या शतकात वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली पूर्णपणे आलं आणि कचेऱ्यांना कायमचं आडनाव हवं झालं. मग 'आप' पुढच्या नावाला चिकटला. आप हवेलचा पॉवेल झाला, आप रिसचा प्राइस, आप ह्यूचा प्यू, आप हॅरीचा पॅरी, आणि आप रिचर्डचा प्रिचर्ड. स्वराआधी 'आब' असतो, म्हणून आब ओवेनचा बोवेन आणि आब इव्हानचा बेव्हन. १९९९ आणि २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या ऑस्ट्रेलियन संघात मायकल बेव्हन आणि ग्लेन मॅकग्रा शेजारी शेजारी उभे असत. एकाच्या नावात वेल्श मुलगा, दुसऱ्याच्या नावात आयरिश मुलगा, आणि दोघांचा मूळ शब्द एक. ब्रेतॉनमध्येही हेच: आबग्राल, आबएर्वे अशी आडनावं फ्रान्समध्ये आजही आहेत.

आयर्लंडमध्ये आडनावं याच्या बऱ्याच आधी, दहाव्या-अकराव्या शतकापासून स्थिर होऊ लागली. तिथे 'मॅक'च्या जोडीला 'ओ' आहे, म्हणजे नातू. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज ते ओ ब्रायन. 'ओ'नंतरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह इंग्रज कारकुनांनी घुसवलं. आयरिशमध्ये तिथे फक्त दीर्घ उच्चाराची खूण असते. आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे, की इंग्रजीत 'मॅक' पूर्ण लिहिला तर स्कॉटिश आणि मधला स्वर गाळून लिहिला तर आयरिश. तसं काही नाही. दुसरं नुसतं संक्षिप्त रूप आहे, दोन्ही देशांत दोन्ही चालतं.

मॅकच्या पुढे दर वेळी बापाचं नावच येतं असंही नाही. मॅकिंटायर हा सुताराचा मुलगा, मॅकनॅब मठाधिपतीचा, मॅकगोवन लोहाराचा. मॅकडॉनल्ड हा डोनल्डचा, आणि डोनल्ड या नावाचा जुना अर्थ 'जगाचा शास्ता'. बर्गरच्या दुकानांना इतकं चपखल नाव ठरवूनही सापडलं नसतं. मॅकबेथ तर कोणाचाच नाही. 'मॅक बेथाद' म्हणजे 'जीवनाचा पुत्र', हे त्याचं स्वतःचं नाव आहे. १०४० ते १०५७ राज्य केलेल्या या स्कॉटिश राजाच्या बापाचं नाव फिनलेक, त्यामुळे त्याचं पूर्ण नाव 'मॅक बेथाद मॅक फिनलेक'. दुसरा मॅक तेवढा बापाचा.

मुंबईला ही नावं अगदी परकी नाहीत. बॅलार्ड इस्टेटमध्ये मॅकिनन मॅकेंझीची इमारत आहे, आणि आजच्या एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईची सुरुवात १८०४ मध्ये न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यांनी केली. मॅकेंझीमधला 'झ' मात्र खोटा आहे. जुन्या स्कॉट्स लिखाणात 'य'सारख्या उच्चाराचं एक अक्षर होतं. छापखान्याकडे ते नव्हतं म्हणून दिसायला जवळचं 'झ'चं अक्षर लावलं, आणि पुढे लोक छापलंय तसं म्हणू लागले.

नावाचा हा तुकडा किती जड असू शकतो ते मॅकग्रेगर कुळाला विचारावं. १६०३ मध्ये राजा सहाव्या जेम्सच्या सरकारने हे आडनावच बेकायदा ठरवलं. मॅकग्रेगर म्हणवून घेणं हा गुन्हा, शिक्षा मरणाची. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये परत आली, ती थेट १७७४ पर्यंत. सुप्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगरला म्हणून आईच्या माहेरचं कॅम्पबेल हे आडनाव लावावं लागलं.

मॅन बेटावर वेगळाच प्रकार. तिथे 'मॅक'चं डोकं उडालं आणि शेवटचा 'क' पुढच्या नावाला चिकटून बसला. त्यामुळे मँक्स आडनावं 'क'ने सुरू होण्याचा सपाटा आहे. मॅक विल्यमचा क्विलियम, मॅक वॉल्टरचा क्वाल्ट्रो, मॅक डर्मटचा करमोड. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डॅन क्वेल यांचं आडनाव मॅक फाल, म्हणजे पॉलचा मुलगा, यावरून आलेलं. मँक्सचे शेवटचे जन्मजात भाषक नेड मॅड्रेल १९७४ मध्ये वारले. भाषा नंतर शिकून जिवंत केली गेली, आडनावं मात्र मधे कुठेच थांबली नव्हती.

दगडावरच्या मुलाआधीचा एक मुलगा देव होता. रोमन काळात ब्रिटनच्या उत्तर सीमेवर, हेड्रियनच्या भिंतीच्या आसपास, सैनिक 'मापोनोस' नावाच्या देवाला नवस फेडत; त्याला अपोलोशी एकरूप मानत. मापोनोस म्हणजे दिव्य पुत्र, थोर पुत्र. फ्रान्समधल्या शामालिएरला १९७१ साली सापडलेल्या शिशाच्या पत्र्यावरही त्याचा धावा आहे. मध्ययुगीन वेल्श कथेत तो येतो 'माबोन आप मोद्रोन' होऊन. जन्मानंतर तिसऱ्या रात्री आईच्या कुशीतून त्याला कोणीतरी पळवतं, आणि त्याचा पत्ता जगातल्या सर्वांत वृद्ध प्राण्यांना विचारत विचारत शेवटी एका सामन माशाकडून लागतो. मोद्रोन हे 'मात्रोना'चं वेल्श रूप, म्हणजे थोर माता. त्यातला 'मातृ' तुम्हाला लगेच दिसेल. पॅरिसजवळ सेन नदीला मिळणाऱ्या मार्न नदीचं जुनं नावही मात्रोनाच. तेव्हा या वीराचं नाव सोडवून वाचलं तर 'आईचा मुलगा मुलगा' एवढंच उरतं. बापाचा उल्लेखच नाही.

रोजच्या आयरिशमध्ये 'मॅक'ची आणखी पोरं हिंडतात. विद्यार्थी तो 'मॅक लेइन', विद्येचा पुत्र. डोंगरकड्यावर आदळून परत येणारा आवाज 'मॅक आला', कड्याचा पुत्र. स्कॉटिश गेलिकमध्ये 'मॅक टाला'. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर १८९२ ते १९०४ या नावाचं एक गेलिक वृत्तपत्र निघत असे. आणि 'मॅक टीरे', शब्दशः भूमिपुत्र. आपल्याकडे या शब्दाने शेतकरी किंवा स्थानिक माणूस डोळ्यासमोर येतो. आयरिशमध्ये मॅक टीरे म्हणजे लांडगा. हे बहुधा भीतीपोटी ठेवलेलं आडवळणी नाव असावं, जसं आपण रात्री सापाला साप न म्हणता 'जनावर' म्हणतो.

मुलींचं काय, हा प्रश्न एव्हाना पडला असेल. इंग्रजीत मॅकार्थींची मुलगी मिस मॅकार्थीच, म्हणजे शब्दशः 'कार्थीचा मुलगा कुमारी'. आयरिशला हा घोटाळा मान्य नाही. बाप मॅक कार्थी, त्याची बायको विक कार्थी (मॅकची षष्ठी 'मिक', आणि 'म'चा पुन्हा 'व'), मुलगी निक कार्थी. 'निक' म्हणजे 'इनिअन विक', मुलाची मुलगी, याचं आटलेलं रूप. ओ ब्रायनच्या घरात तसंच: बायको ई व्रियन, मुलगी नी व्रियन. वेल्शमध्ये मुलीला 'वेर्ख', म्हणून ग्वेन वेर्ख हवेल. आयरिश माध्यमाच्या शाळेत एकाच घरातला भाऊ हजेरीपटावर 'मॅक'खाली येतो आणि बहीण 'निक'खाली.